मेंढ्यांच्या खुराकात प्रतिजैविक मिसळल्याने मटण निर्धोक होते का?

माळरान

जत तालुक्यात माझा मावसभाऊ चाळीसेक माडग्याळ मेंढ्या गोठ्यातच ठेवून पाळतो. मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. गावात खाद्य घेऊन येणाऱ्या एका विक्रेत्याने त्याला पांढरट पावडरची पिशवी दाखवली होती आणि सांगितले होते की, ही पावडर रोज मक्याच्या भरड्यात मिसळली तर मेंढीच्या आतड्यातील घातक जंतू मरतात, मटण "जंतुमुक्त" होते आणि शहरातील हॉटेलवाले त्याला किलोमागे चार पैसे जास्त मोजतात. पिशवीवर निओमायसिन या प्रतिजैविकाचे नाव होते. "दादा, घालू का?" एवढाच त्याचा प्रश्न होता. मी "घालू नकोस" म्हणून फोन ठेवला. नंतर वाटले की नुसत्या नकाराने त्याचे समाधान होणार नाही, कारण ही कल्पना काही त्या विक्रेत्याच्या डोक्यातून निघालेली नाही. चांगल्या संस्थांनी ती गांभीर्याने तपासून पाहिलेली आहे. मी अमेरिकेत, आयोवा राज्यात, जनावरांच्या जंतूंवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करतो, म्हणून मला जे ठाऊक आहे ते येथे मांडतो. कळप सांभाळणाऱ्यांनी आणि मटण विकणाऱ्यांनी त्यात आपली भर घालावी.

प्रथम एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी लागते. ज्या जंतूंमुळे माणसाला अन्नातून आजार होतो, त्यांतील बरेचसे मेंढीला काहीही त्रास न देता तिच्या पोटात राहतात. ई. कोलाय ओ१५७:एच७ हा प्रकार घ्या. तो अंगात असलेली मेंढी रवंथ करते, वजन धरते, वेळेवर माजावर येते आणि तिच्या लेंड्यांतून तो जंतू बाहेर पडत राहतो. साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर मेंढीला कधी आजारी पाडतात, तर कधी मुकाट्याने वस्ती करून असतात. म्हणजे खुराकातले हे औषध मेंढीच्या दुखण्यावर दिलेले नसते, ते तिचे मटण खाणाऱ्या माणसासाठी तिला दिलेले असते. एरवी आपण औषध देतो आणि जनावर उठून उभे राहिले, चरायला लागले की गुण आला असे समजतो. येथे जनावर आधीच उभे आहे, त्यामुळे गुण आला की नाही हे पाळणाऱ्याला प्रयोगशाळेविना कळण्याचा मार्गच नाही.

टेक्सासमधील कॉलेज स्टेशन येथे अमेरिकेच्या कृषी खात्याचे संशोधन केंद्र आहे. तेथील शास्त्रज्ञांनी २००० नंतरच्या काही वर्षांत कोकरांना मुद्दाम ओ१५७ आणि साल्मोनेला पाजून, त्यांच्या खाद्यात मोनेन्सिन आणि त्याच जातीचे दुसरे एक द्रव्य मिसळून, लेंड्यांतील जंतू दिवसागणिक मोजले. ही द्रव्ये निवडण्यामागे कारण होते. अमेरिकेतील गोठ्यांत ती खाद्य अंगी लागावे म्हणून आणि रक्ती हगवणीचे परजीवी आटोक्यात राहावेत म्हणून सर्रास वापरली जातात. शिवाय अशी शंकाही होती की ती काही जंतूंना मारतात आणि त्यांच्या रिकाम्या जागेवर ओ१५७ चे फावते. प्रत्यक्षात अल्पकाळ खाऊ घातलेल्या या द्रव्यांनी लेंड्यांतील जंतूंमध्ये म्हणण्यासारखी घटही झाली नाही आणि भीती होती तशी वाढही झाली नाही. कारण जंतूंच्या अंगरख्यात आहे. ई. कोलाय आणि साल्मोनेला यांना पेशीभोवती एक जादा बाह्य आवरण असते आणि मोनेन्सिनचा मोठा रेणू त्यातून आत शिरत नाही. ज्यांना हे आवरण नाही, असे दुसरे जंतू त्याने मरतात. म्हणजे ज्याला मारायचे तो दाराआड सुखरूप आणि शेजारी मात्र बेघर.

निओमायसिनचे तसे नाही. त्यावर पुढे लिहितो. आधी प्रत्यक्ष कळप सांभाळणाऱ्यांचे ऐकायला आवडेल.

कडबाकुट्टी

आपण मोनेन्सिनचे नाव काढलेत म्हणून माझ्या गोठ्यातील प्रसंग लिहितो. आटपाडीजवळ माझ्या अठरा मेंढ्या होत्या. शेजारच्या ब्रॉयलर शेडची तुकडी उचलली गेली आणि तीन पोती खाद्य उरले. शेजाऱ्याने ते मला निम्म्या भावात दिले. कोंबडीचे खाद्य म्हणजे मका आणि सोयाबीनच की, असे समजून मी ते सकाळच्या खुराकात मिसळले. दुसऱ्या दिवशी सहा मेंढ्यांनी तोंड लावले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांतील काही मागच्या पायांनी लटपटू लागल्या, उठवून उभ्या केल्या तर चार पावले टाकून बसत, आणि एकीची लघवी काळ्या चहासारखी झाली होती. मी विषारी पाला खाण्यात आला असेल म्हणून गूळपाणी पाजत बसलो. चार मेंढ्या गेल्या. सरकारी दवाखान्यातील डॉक्टरांनी एकीची चिरफाड करून मला हृदय दाखवले, तेव्हा त्या लाल मांसावर फिकट पांढरट पट्टे स्पष्ट दिसत होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : "कोंबडीचे खाद्य घातले होते का?" पोत्यावरील चिठ्ठीत बारीक अक्षरांत त्या औषधाचे नाव होते, ते वाचण्याचे माझ्या मनातही आले नव्हते. खाद्य बनवणाऱ्याचा यात दोष नव्हता, त्याने ते कोंबड्यांसाठीच बनवले होते.

तेव्हापासून "पावडर घाला, अपाय काही नाही" असे कोणी म्हटले की मी आधी चिठ्ठी मागतो.

कोटीपोट

कडबाकुट्टी यांनी सांगितलेली लक्षणे अगदी नेमकी आहेत. या जातीची औषधे हृदयाच्या आणि मांड्यांच्या स्नायूंवर घाला घालतात. कोंबडी जे प्रमाण सहज पचवते ते मेंढीला भारी पडू शकते आणि घोड्याला तर त्याहून कितीतरी थोडे पुरते. ज्यांच्याकडे मेंढ्यांबरोबर तट्टू आहे अशा मेंढपाळांनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण वाड्यावर उरलेला खुराक शेवटी तट्टापुढेच जातो.

मी अहिल्यानगर जिल्ह्यात पशुवैद्य म्हणून काम करतो. खुराकातून प्रतिजैविक देण्याला माझा मूळ आक्षेप मेंढीच्या पोटाच्या रचनेवरून आहे. माणसाने गोळी घेतली की ती जठरातून आतड्यात जाते. मोठ्या मेंढीने औषध गिळले की ते आधी कोटीपोटात पडते, आणि कोटीपोट म्हणजे कित्येक लिटरचा आंबवणाचा रांजण आहे. त्यातील जंतू कडब्याचे अन्न करतात आणि मेंढी त्या अन्नावर जगते. त्या रांजणात जंतुनाशक टाकणे म्हणजे इडलीच्या पिठात फिनेल ओतून पीठ फुगण्याची वाट पाहण्यासारखे आहे. टेट्रासायक्लिन पोटातून दिल्यावर मेंढी खाणे सोडते, रवंथ थांबते, लेंड्यांऐवजी पातळ हगवण लागते, हे मी वर्षातून अनेकदा पाहतो, कारण मेडिकलमधून माणसांच्या कॅप्सूल आणून भाकरीतून चारणारे लोक आहेत. लिंकोमायसिन नावाचे औषध तर चुकून रवंथ करणाऱ्या जनावराच्या खाद्यात गेले तर जीवघेणा आतड्याचा दाह होतो.

निओमायसिन रक्तात फारसे शोषले जात नाही, आतड्यातच राहते. विक्रेत्याच्या दृष्टीने हाच त्याचा गुण आहे, कारण मांसात अंश उतरण्याची भीती तुलनेने कमी असते. पण आतड्यातच राहते म्हणजेच तेथील कोट्यवधी जंतूंची त्याच्याशी रोज गाठ पडते.

पेंडवाला

मी खाद्याच्या व्यापारात पंचवीस वर्षे आहे. व्यापाऱ्याची बाजू कोणी मांडणार नाही म्हणून मीच मांडतो, आणि रागावू नये अशी विनंती करतो.

माझ्या माहितीप्रमाणे अमेरिकेत गुरांना निओमायसिन देऊन पाहिले तेव्हा शेणातील ओ१५७ झपाट्याने घटला होता. म्हणजे औषध काम करते. कत्तलीच्या आधी थोडे दिवस द्यावे, ठरलेले दिवस थांबावे आणि मग जनावर पाठवावे, यात वाईट काय आहे? दुसरे असे की, ज्या अमेरिकेतून आपण आम्हाला "नको" म्हणता, त्याच अमेरिकेत गाभण मेंढ्यांना खाद्यातून क्लोरटेट्रासायक्लिन देण्याची परवानगी आहे. कोंबडी, डुक्कर, गाय यांना तर त्यांनी १९५० च्या आसपासपासून वाढीसाठी प्रतिजैविके चारली. ब्रिटनमध्ये जनावरांना दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांची चौकशी करणाऱ्या स्वान समितीने १९६९ साली धोक्याची घंटा वाजवली, तरी युरोपने वाढीसाठीची सगळी प्रतिजैविके बंद करायला २००६ साल उजाडले आणि अमेरिकेने तर २०१७. स्वतः पोटभर जेवून झाल्यावर दुसऱ्याला उपासाचे महत्त्व सांगण्याचा हा प्रकार वाटतो.

माळरान

पेंडवाला, आपण रागावण्यासारखे काहीच लिहिलेले नाही. आपली दोन्ही विधाने बरोबर आहेत. निओमायसिनने गुरांच्या शेणातील ओ१५७ घटला होता, आणि मेंढ्यांना क्लोरटेट्रासायक्लिन येथे आजही दिले जाते. फक्त २०१७ पासून त्यासाठी पशुवैद्याची लेखी आज्ञा लागते. मला जे सांगायचे आहे ते नेमके याच दुसऱ्या विधानातून निघते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मेंढी गाभडण्याचे एक मोठे कारण कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू आहे. गाभण मेंढ्यांच्या कळपात तो शिरला की शेवटच्या महिन्या-दीड महिन्यात एकामागून एक मेंढ्या मेलेली कोकरे टाकतात. त्यावर उपाय म्हणून अमेरिकेत दर मेंढीला दररोज ८० मिलिग्रॅम क्लोरटेट्रासायक्लिन खाद्यातून देण्याची पद्धत रुळली. हिशेब करून पाहा. तेथील मेंढी सत्तर किलोची धरली तर किलोला सव्वा मिलिग्रॅमही पडत नाही. आजारी जनावराला त्याच कुळातील ऑक्सिटेट्रासायक्लिनचे इंजेक्शन देताना आपण किलोला १० ते २० मिलिग्रॅम देतो. शिवाय कोटीपीठ म्हणतात त्याप्रमाणे ते आधी आंबवणाच्या रांजणात पडते, आणि पूर्ण शोषलेही जात नाही. (क्षमस्व, "कोटीपोट" म्हणायचे होते, पिठाच्या उपमेने माझी बोटे घसरली.) म्हणजे जंतूला मारायला अपुरे आणि त्याची तालीम करून घ्यायला पुरेसे, असे ते प्रमाण आहे, आणि ते आठवडेच्या आठवडे चालू राहते.

पूर्वी ही गाभडणी मुख्यतः कॅम्पिलोबॅक्टर फीटस या जातीमुळे होत असे. ती जात माणसाच्या अन्नविषबाधेत क्वचित आढळते. पुढे तिची जागा कॅम्पिलोबॅक्टर जेजुनीने घेतली, आणि ही जात म्हणजे माणसाच्या जुलाबांचे जगभरातील एक प्रमुख कारण. आयोवा राज्य विद्यापीठातील संशोधकांनी निरनिराळ्या राज्यांतून आलेल्या गाभडलेल्या कोकरांतील जेजुनीचे नमुने तपासले, तेव्हा बहुतेक सगळे एकाच वंशाचे निघाले. २००८ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि त्या वंशाला "क्लोन एसए" असे नाव दिले. एसए म्हणजे शीप ॲबॉर्शन. हा वंश टेट्रासायक्लिनला मुळीच जुमानत नाही. जुमानू न देणारा जीन त्याच्या मुख्य गुणसूत्रातच पक्का बसलेला आहे, त्यामुळे औषध थांबवले तरी तो सहज गळून पडत नाही.

एकाच औषधाने हा वंश जन्माला आला असे मी म्हणणार नाही. त्याच्या बाह्य आवरणातील एका प्रथिनात असे बदल झालेले आहेत की तो आतड्यातून रक्तात आणि रक्तातून वारेपर्यंत पोचू शकतो, आणि त्याची मारकशक्ती प्रामुख्याने तेथून येते, हे पुढील संशोधनातून दिसले. पण अशा जंतूला देशभरच्या कळपांत पसरायला मोकळे रान मिळाले, त्यामागे रोजच्या टेट्रासायक्लिनचा हात असावा असे ते संशोधक मानतात आणि मलाही तेच पटते. औषधाने त्याचे प्रतिस्पर्धी हटवले आणि त्याला हात लावला नाही. ब्रिटनमधील गाभडलेल्या मेंढ्यांतील जेजुनी तपासले तेव्हा तेथे असा एकछत्री अंमल नव्हता, नाना वंश सापडले.

आता माणसाकडे येऊ. २०१२ साली त्याच गटाने दाखवले की माणसांच्या जुलाबांच्या नमुन्यांतही हाच वंश आहे आणि त्याच्या अनेक उद्रेकांचा माग न तापवलेल्या दुधापर्यंत जातो. गायींमध्येही तो आता वस्तीला आहे. माझ्या कामाच्या टेबलावर अशा कोकरांचे नमुने अधूनमधून येतात. जठरातील रसाचा एक थेंब काळपट माध्यमावर पसरून, प्राणवायू कमी असलेल्या डब्यात ४२ अंशांवर दोन दिवस ठेवला की पाण्याचा ओघळ पसरावा तशा करड्या, चपट्या वसाहती उगवतात. शेजारी टेट्रासायक्लिनची पट्टी ठेवलेली असते. इतर औषधांच्या पट्ट्यांभोवती स्वच्छ वर्तुळ पडते. टेट्रासायक्लिनच्या पट्टीला जंतू अगदी काठापर्यंत चिकटून वाढलेले असतात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा पट्टी ठेवायची राहिली की काय, असे वाटून मी डबी उजेडात धरली होती.

म्हणून आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. "औषध दिल्यावर जंतू घटला का" एवढेच विचारले तर कधीकधी "हो" येते. चार वर्षांनी त्या कळपात जो उरला तो कोण, हे विचारले की उत्तर पालटते. निओमायसिन हे जेंटामायसिन आणि ॲमिकासिनच्या कुळातले आहे, आणि ही दोन्ही इंजेक्शने आपल्याकडे नवजात बाळांच्या रक्तातील जंतुसंसर्गावर वापरतात. मेंढीच्या आतड्यात निरोगीपणी राहणाऱ्या जंतूपायी त्या कुळाशी खेळण्याची माझी तयारी नाही.

अमेरिकेच्या दुटप्पीपणाबद्दल आपण म्हणता ते मान्य आहे. म्हणून तर त्यांच्या चुकीचा उपयोग करून घ्यावा.

कोटीपोट

माळरान, "कोटीपीठ" हे नाव मला आवडले, बदलून घेतो की काय असे वाटू लागले आहे.

पेंडवाला यांना एक आठवण करून द्यावीशी वाटते. भारताने जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन या प्रतिजैविकावर अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत, कुक्कुटपालनात आणि खाद्यपूरकांत बंदी घातली. त्याआधी कोंबड्यांच्या खाद्यात ते "वाढीचे" म्हणून पोत्यांनी जात होते, आणि तेच कोलिस्टिन अतिदक्षता विभागात सगळी औषधे हरल्यानंतर शेवटचे म्हणून काढले जाते. चीनमध्ये २०१५ साली कोलिस्टिनला न जुमानणारा आणि एका जंतूतून दुसऱ्या जंतूत उडी मारणारा जीन सापडला, तोही डुकरांच्या तपासणीतून, तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले.

बाळघुटी

मी नाशिकला बालरोगतज्ज्ञ आहे. ओ१५७ सारख्या जंतूंबद्दल पालकांना फारशी माहिती नसते म्हणून थोडक्यात लिहिते. शंभराहून कमी जंतू पोटात गेले तरी आजार होऊ शकतो, एवढे ते प्रभावी आहेत. पोटात कळा येऊन रक्ती जुलाब होतात, ताप बेताचाच असतो, आणि अशा रुग्णांपैकी साधारण ५ ते १० टक्क्यांत, त्यातही लहान मुलांत जास्त, आठवडाभराने रक्तपेशी फुटू लागतात आणि मूत्रपिंडे काम थांबवतात. गंमत म्हणवत नाही, पण विचित्र गोष्ट अशी की या आजारात प्रतिजैविक देणे आम्ही सहसा टाळतो, कारण काही प्रतिजैविकांच्या माऱ्याने जंतू फुटताना अधिक विष सोडतो. आपल्याकडे मूत्रपिंडाची ही गुंतागुंत पूर्वापार शिगेला या जंतूच्या आवेनंतर अधिक पाहिली गेली आहे. तरीही रक्ती जुलाबांवर घरात उरलेले अर्धवट पाकीट संपवू नये, एवढे आवर्जून सांगते.

मटण शिजवून खाणाऱ्या घरात धोका मटणापेक्षा पाटावर आहे. ज्या पाटावर कच्चे मटण तोडले त्याच पाटावर कोथिंबीर आणि कांदा चिरला जातो, आणि कोथिंबिरीला कोणी शिजवत नाही.

कडबाकुट्टी

डॉक्टरताईंनी कोथिंबिरीचे नाव काढले आणि मला वेगळीच शंका आली. आमच्याकडे उन्हाळ्यात शेतात मेंढरे बसवतात. दोन-तीन रात्री शेकडो मेंढरांचा तळ पडतो, लेंडी आणि मूत थेट जमिनीत मुरते, आणि मेंढक्याला त्याबद्दल धान्य किंवा पैसे मिळतात. पुढे त्याच रानात मेथी-कोथिंबीर होते. मग लेंडीतून हे जंतू, आणि औषध घातले तर औषधही, भाजीपर्यंत जात असेल काय?

ॲबरडीनची_वाट

शंका रास्त आहे. मी राहते त्या स्कॉटलंडमध्ये यावरचा धडा मिळालेला आहे. ॲबरडीनशायरमध्ये न्यू डीअर गावाजवळ मे २००० मध्ये स्काउट मुलांची छावणी लागली होती. त्या मैदानावर आधी मेंढ्या चरून गेल्या होत्या. पाऊस धो-धो पडला, चिखल झाला, मुले त्याच चिखलात खेळली आणि त्याच हातांनी जेवली. वीस जणांना ओ१५७ ची बाधा झाली. त्यानंतर कित्येक आठवडे त्या मातीत तो जंतू सापडत होता. मेंढ्या तेव्हा गावाच्या दुसऱ्या टोकाला चरत असतील, पण त्यांची लेंडी मागे उरली होती.

आपल्याकडच्या मे महिन्यातील उन्हात आणि कोरड्या मातीत जंतू इतका तग धरेल असे वाटत नाही. मेंढरे बसवणे आणि भाजी काढणे यांत नांगरणी आणि काही महिने गेले तर भीती आणखी कमी होते. औषधाचे मात्र माळरान किंवा कोटीपोट यांनी सांगावे.

येथे ब्रिटनमध्ये खाद्यातील औषधाऐवजी लोकरीवर लक्ष दिले जाते. १९९६ साली स्कॉटलंडमध्ये मांसातून याच जंतूचा मोठा उद्रेक झाला, त्याच्या चौकशीनंतर कत्तलखान्यात जनावराच्या अंगाची पाच प्रतींत वर्गवारी सुरू झाली. स्वच्छ आणि कोरडी मेंढी पुढे जाते, आणि घाणीने माखलेली, ओली मेंढी परत पाठवली जाते. परत पाठवणे म्हणजे गाडीभाडे अंगावर. त्यामुळे शेतकरी गाडीत घालण्याच्या आधी पोटाखालची आणि शेपटीभोवतीची लोकर स्वतः कातरून घेतात.

कोटीपोट

औषधाचे उत्तर देतो. टेट्रासायक्लिनचा मोठा भाग जसाच्या तसा लेंडी-मुतातून बाहेर पडतो आणि मातीच्या कणांना चिकटून राहतो. म्हणजे खुराकात घातलेल्या औषधाचे पैसे आपण मेंढीसाठी मोजतो आणि त्यातील बराचसा माल रानातल्या जंतूंना मिळतो. आपल्या फिरत्या कळपांना सुदैवाने खुराकच मिळत नाही, माळावर जे सापडेल ते खातात, त्यामुळे हा प्रश्न सध्या बंदिस्त पालनाचाच आहे. फिरत्या कळपात माझी काळजी वेगळी आहे. तेथे ऑक्सिटेट्रासायक्लिनची बाटली आणि एकच सुई सगळ्या वाड्याला पुरते.

सुरीपाटा

मी लिहावे की नाही, असा विचार करीत होतो. आमचा पिढीजात मटणाचा धंदा आहे. ॲबरडीनच्या ताईंनी लोकरीचे लिहिले ते शंभर टक्के खरे आहे, आणि ते आम्हाला कोणी पुस्तकातून शिकवलेले नाही.

जनावर टांगले की पहिली चीर मागच्या पायावर पडते. तेथून कातडे सुटायला लागते. डाव्या हाताने लोकर धरून कातडे ओढायचे आणि उजव्या हाताची मूठ कातडे आणि मांस यांच्या मधल्या पांढऱ्या पडद्यात घालून पुढे सारायची. डाव्या हाताने मांसाला शिवायचे नाही आणि उजव्या हाताने लोकरीला शिवायचे नाही. माझे वडील नवशिक्याच्या डाव्या हाताला चुना लावत असत. काम झाल्यावर मांसावर पांढरा डाग दिसला की पोराचा पगार कापत. दुसरी जागा म्हणजे कातडे खाली ओढले की त्याची कड आत वळते आणि लोकर अलगद मांडीवर टेकते. दख्खनी मेंढीची लोकर दाट असते, पावसाळ्यात तिला चिखल आणि लेंड्यांचे गोळे लोंबतात. बोकडाचे काम त्यामानाने सोपे जाते. तिसरी जागा गुदद्वार. ते मोकळे करून पिशवीने बांधले नाही तर आतडे काढताना सगळ्यावर पाणी फिरते.

जनावर रात्रभर उपाशी ठेवले तर आतडे हलके राहते, हे खरे. पण दोन-दोन दिवस गाडीत उपाशी आलेले जनावर पातळ हगलेले असते आणि गाडीत एकमेकांच्या अंगावर हगलेले असते. अशा मालाला कोणती पावडर चारली होती, याने मला काहीही फरक पडत नाही.

पेंडवाला

सुरीपाटा, चुन्याची युक्ती वाचून मी पाच मिनिटे थांबलो. व्यापारात असून मला हे ठाऊक नव्हते.

एक शेवटचा प्रश्न विचारतो. प्रतिजैविक नको असेल तर खाद्यातून दुसरे काही जमते का? क्लोरेट नावाच्या क्षाराबद्दल कानावर आले होते.

माळरान

क्लोरेटची कल्पना खरोखर बुद्धिमान आहे. ओ१५७ आणि साल्मोनेला यांच्याकडे नायट्रेट पचवणारे एक विकर (एन्झाइम) असते. त्याच विकराने ते क्लोरेटचे क्लोराइट करतात, आणि ते क्लोराइट त्यांना आतूनच मारते. आतड्यातील बहुसंख्य उपयुक्त जंतूंकडे हे विकर नसल्यामुळे ते वाचतात. टेक्सासच्याच केंद्रात मेंढ्यांना हे देऊन पाहिले तेव्हा आतड्यातील ओ१५७ चांगला घटला. परंतु अमेरिकेत अजून ते खाद्यात घालण्यास मान्यता नाही. क्लोरेट म्हणजे काडेपेटीच्या गुलात असते त्याच्याच घराण्यातले, आणि सोडियम क्लोरेट तणनाशक म्हणूनही वापरले गेले आहे, त्यामुळे घरी बसून प्रयोग करण्याचा हा पदार्थ नव्हे.

चाऱ्याबद्दल लोक फार ठामपणे बोलतात, म्हणून सांगतो. १९९८ साली कॉर्नेल विद्यापीठातून असे मांडले गेले की धान्य बंद करून वाळलेला चारा दिला तर गुरांतील आम्लाला तोंड देणारे ई. कोलाय घटतात. त्याआधी आयडाहो विद्यापीठात मेंढ्यांवर पाहिले होते, तर वाळल्या गवतावरील मेंढ्यांनी मका आणि लसूणघास खाणाऱ्यांपेक्षा ओ१५७ जास्त दिवस टाकला. दोन्ही अभ्यास प्रामाणिक आहेत. यावरून भावाला मी चाऱ्यात काही बदल सुचवलेला नाही. फक्त विक्रीच्या तोंडावर खुराक एकदम पालटू नकोस, एवढे सांगितले.

हा धागा मी त्याला वाचून दाखवला. पिशवी त्याने परत केली; विक्रेत्याने पैसे न देता त्या किमतीचे मिनरल मिक्श्चर दिले. त्याच्या माडग्याळ मेंढ्यांच्या अंगावर दख्खनीसारखी दाट लोकर नसल्यामुळे कातरण्याचा प्रश्न फारसा नाही, पण गोठ्याच्या तळाला मुरूम खचून पाणी साठते आणि सगळ्या मेंढ्या रात्री त्याच कोपऱ्यात बसतात, हे त्याने पहिल्यांदाच कबूल केले. पाण्याच्या सिमेंटच्या हौदात तळाशी बोटभर गाळ आहे आणि त्यात लेंड्या आहेत. हा जंतू अशा गाळात तग धरतो, तेव्हा औषध देऊन मेंढी साफ केली असती तरी संध्याकाळी ती त्याच हौदावर प्यायली असती. हौद किती दिवसांनी उपसावा, हे त्याला प्रत्यक्ष करणाऱ्याकडून हवे आहे.

कडबाकुट्टी

मी दर अमावास्या-पौर्णिमेला उपसत असे. त्या चार मेंढ्या गेल्यापासून दर रविवारी उपसतो. हौद उंच करून घ्यावा, मेंढीच्या छातीइतका, म्हणजे तिला त्यात पाय घालता येत नाही आणि पाठ फिरवून लेंड्या टाकता येत नाहीत. तळाला उतार देऊन खाली बूच बसवले की उपसायला दहा मिनिटे लागतात. बूच दोन इंची घ्यायला सांगा, एक इंचीत लेंडी अडकते.